धातू कमी असले की ताऱ्यांची जोडी कशी बदलते: सोलापुरातल्या एका एम.एस्सी. प्रकल्पाचं प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापुरातल्या एका महाविद्यालयात एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या सत्रात प्रत्येकाला प्रकल्प करावा लागतो. बहुतेक जण पातळ थर, फेराइट किंवा सौर घट यांपैकी काहीतरी घेतात. त्याचं साहित्य प्रयोगशाळेत असतं आणि आधीच्या तुकड्यांचे प्रबंध कपाटात हाताशी असतात. या प्रकरणातल्या विद्यार्थिनीने मात्र खगोलभौतिकीचा विषय मागितला. तिची ओळख पटू नये म्हणून बरेच तपशील गाळले आहेत. ती पूर्व भागात राहते, घरी तेलुगू बोलतात आणि वडील यंत्रमाग कारखान्यात आहेत, एवढं ठेवलं आहे. मी तिची मार्गदर्शक होते.

तिला हा विषय सुचला तो हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडियामुळे, म्हणजे गुरुत्वीय लहरी (अवकाशकाळातली सूक्ष्म कंपनं) टिपणाऱ्या वेधशाळेमुळे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या प्रकल्पासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले, तेव्हा ती बी.एस्सी.ला होती. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगोने पहिली गुरुत्वीय लहर टिपली. ती सूर्याच्या ३६ आणि २९ पट वस्तुमानाच्या दोन कृष्णविवरांच्या विलीनीकरणातून आली होती, हे तिने वाचलं होतं. तिचा प्रश्न सरळ होता: "मॅडम, एवढी जड कृष्णविवरं आली कुठून? आपल्या आकाशगंगेत क्ष-किरणांवरून सापडलेली तर खूप हलकी आहेत."

याच्या उत्तराचा एक भाग आता पाठ्यपुस्तकी झाला आहे. खगोलशास्त्रात हायड्रोजन आणि हेलियम सोडून बाकी सगळ्या मूलद्रव्यांना धातू म्हणतात. प्रचंड ताऱ्याच्या पृष्ठभागावरून सतत वारा वाहतो आणि त्याला बाहेर ढकलण्याचं काम मुख्यतः लोहासारख्या धातूंच्या वर्णरेषा करतात, कारण प्रकाशाचा संवेग त्याच शोषून घेतात. धातू कमी असले की ढकलणारे हात कमी. उष्ण ताऱ्यांचा वारा धातुप्रमाणाच्या साधारण ०.७ व्या घाताप्रमाणे बदलतो. म्हणजे धातू एक-पंचमांश झाले तर वारा सुमारे एक-तृतीयांशावर येतो. तारा शेवटपर्यंत जड राहतो आणि मागे राहणारं कृष्णविवरही जड असतं. एप्रिल २०२४ मध्ये गाया दुर्बिणीच्या मोजमापांतून गरुड तारकासमूहात सुमारे २००० प्रकाशवर्षांवर ३३ सौर वस्तुमानाचं कृष्णविवर सापडल्याचं जाहीर झालं. त्याच्याभोवती ११.६ वर्षांत फेरी मारणाऱ्या ताऱ्यात लोहाचं प्रमाण सूर्यापेक्षा शेकडो पटींनी कमी निघालं. ही जोडी जन्मापासूनची की पुंजक्यात नंतर जुळलेली, यावर मतं वेगवेगळी आहेत. पण धातू कमी आणि कृष्णविवर जड, हा मेळ तिथेही दिसतोच.

दुसरा भाग जोडीचा. २०१२ मध्ये आपल्या आकाशगंगेतल्या ओ-प्रकारच्या, म्हणजे सर्वांत उष्ण आणि प्रचंड ताऱ्यांच्या अभ्यासातून दिसलं की ७० टक्क्यांहून अधिक तारे आयुष्यात कधी ना कधी जोडीदाराशी वस्तुमानाची देवाणघेवाण करतात. एकट्याने जगणारा प्रचंड तारा हा अपवाद आहे. तेव्हा "धातू कमी असलेला तारा" एवढंच पाहून भागत नाही, "धातू कमी असलेल्या ताऱ्यांची जोडी" पाहावी लागते.

पहिला निर्णय: विषय किती छोटा करायचा

तिच्या मूळ प्रस्तावाचं शीर्षक मोठं होतं. हजारो जोड्यांचं संगणकीय अनुकरण करून कृष्णविवरांच्या विलीनीकरणाचा दर काढायचा, असं तिने लिहिलं होतं. यासाठी जलद प्रोग्रॅम असतात. ते ताऱ्याचं अंतरंग सोडवत बसत नाहीत, आधीच बसवलेल्या सूत्रांवरून त्रिज्या आणि तेजस्विता काढतात. लॅपटॉपवर मिनिटांत हजारो जोड्या जन्मून मरतात.

मी ते मान्य केलं नाही. दर काढायचा तर सुरुवातीच्या वस्तुमानांचं वाटप, ताराजन्माचा इतिहास, अतिनवताऱ्याच्या (ताऱ्याच्या अखेरच्या स्फोटाच्या) वेळी बसणारा धक्का असं सगळं गृहीत धरावं लागतं. एका सत्रात ते समजून घेणं होत नाही, आणि उत्तराचा आकडा कुठल्या गृहीतकातून आला हे तोंडी परीक्षेत सांगता येत नाही. त्याऐवजी एकच जोडी घ्यायची आणि तिचं अंतरंग पायरीपायरीने सोडवायचं, असं ठरलं. साधन म्हणून मेसा हा ताऱ्याचं अंतरंग सोडवणारा मुक्त प्रोग्रॅम. त्यात जोडताऱ्यांची सोय आहे आणि तो कुणालाही फुकट उतरवून घेता येतो.

जोडी ठरली: २५ आणि २० सौर वस्तुमानाचे तारे, १०० दिवसांचा परिभ्रमणकाळ. केप्लरच्या नियमाने दोघांतलं अंतर दीड खगोलीय एकक, म्हणजे सूर्य-पृथ्वी अंतराच्या दीडपट येतं. मोठ्या ताऱ्याचा रोश लोब, म्हणजे ज्याच्या बाहेरचं वस्तुमान त्याच्या मुठीत राहत नाही तो प्रदेश, सुमारे १३० सौर त्रिज्यांचा. हेच गणित धातुप्रमाण बदलत पुन्हा करायचं: सूर्याइतकं ०.०१४, मोठ्या मॅगेलन ढगासारखं त्याच्या निम्मं, लहान मॅगेलन ढगासारखं एक-पंचमांश (हे दोन्ही ढग म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या शेजारच्या छोट्या दीर्घिका), आणि शेवटी एक-दशांश. बाकी काही हलवायचं नाही.

अडचण

सूर्याइतक्या धातूंचं गणित पुस्तकात लिहिल्यासारखं झालं. गाभ्यातला हायड्रोजन संपला, तारा फुगला, रोश लोबला टेकला आणि वस्तुमान जोडीदाराकडे धावू लागलं. वेग वर्षाला एक हजारांश सौर वस्तुमानाच्या घरात. दहा हजार वर्षांच्या आसपास जवळजवळ सगळं हायड्रोजनचं आवरण उतरलं आणि उघडा हेलियम गाभा उरला. सत्तर लाख वर्षांच्या आयुष्यात हा काळ डोळ्याची पापणी लवण्याइतका.

एक-पंचमांश धातूंच्या गणितात तसं झालं नाही. एप्रिलच्या मध्याला ती आलेख घेऊन आली. वेळेच्या अक्षावर देवाणघेवाणीचा वेग काढला होता. सुरुवातीला छोटा सुळका, आणि त्यापुढे लांबच लांब सपाट पट्टा, वर्षाला एक लक्षांश सौर वस्तुमानाच्या आसपास. दहा हजार वर्षांत आटपायला हवं होतं ते लाखो वर्षं चालू होतं. गाभ्यातलं हेलियम संपत आलं तरी ताऱ्यावर हायड्रोजनचा जाड थर तसाच.

"मॅडम, थांबतच नाही हे. काहीतरी चुकलंय बघा."

बाहेर पारा ४२ च्या पुढे, प्रबंध द्यायला महिना-दीड महिना. तिच्या घरी एकच खोली थोडी गार राहायची. तिथे वडील रात्रपाळी करून आले की दिवसा झोपायचे. त्यामुळे लॅपटॉप रात्रीच चालायचा, खिडकीत, समोर टेबलफॅन. वीज गेली आणि बॅटरी संपली की गणित तुटायचं. मेसा ठरावीक पावलांनंतर स्वतःची स्थिती साठवतो, त्या फायलींना तिथे फोटो म्हणतात. शेवटच्या फोटोपासून पुढे सुरू करता येतं. ती वहीत प्रत्येक तुटलेल्या रात्रीसमोर फोटोचा क्रमांक लिहून ठेवायची. ही वही पुढे फार कामाला आली.

समोर कोणते पर्याय होते

विभागातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सुचवलं की देवाणघेवाणीच्या वेळेवर मर्यादा घालावी. ठरावीक वर्षांनंतर आवरण उतरलं असं मानून हेलियम गाभ्यापासून पुढे जावं. हा सल्ला मनापासून दिलेला होता आणि व्यवहारी होता. बऱ्याच जलद प्रोग्रॅममध्ये नेमकं हेच गृहीत धरलेलं असतं: वस्तुमान जाऊ लागलं की सगळं आवरण जातं. तसं केलं असतं तर चारही गणितं एका नमुन्यात बसली असती आणि तक्ता नीटनेटका झाला असता.

दुसरा पर्याय कमी धातूंचं गणित वगळायचा. सूर्याइतक्या धातूंवर प्रबंध पुरा होत होता, गुणही मिळाले असते. पण मग तिचा मूळ प्रश्नच प्रबंधातून गेला असता.

तिसरा, जलद प्रोग्रॅमकडे परत जायचं. वरवर पाहता हा सगळ्यात सुटसुटीत. पण संपूर्ण आवरण उतरतं हे गृहीतक ज्या साधनात आधीच आहे, त्याला "आवरण उतरतं का?" हे विचारून काय मिळणार?

चौथा, हा पट्टा खरा आहे असं मानून चालायचं आणि तो खोटा ठरवायचा जमेल तेवढा प्रयत्न करायचा. वेळ सगळ्यात जास्त यालाच लागणार होता, आणि शेवटी हाती काय येईल याची खात्री नव्हती.

आम्ही चौथा घेतला. निर्णय तिचा होता, मी फक्त एक अट घातली: तपासण्या कोणत्या आणि त्यांतून काय निघालं तर काय मानायचं, हे आधी कागदावर लिहायचं. आलेख पाहून निकष बदलायचे नाहीत. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा कागद तोच.

काय केलं

पहिली तपासणी फायलींची. मेसामध्ये धातुप्रमाण एकाहून अधिक ठिकाणी लिहावं लागतं. ताऱ्याचं सुरुवातीचं प्रमाण एकीकडे, अपारदर्शकतेच्या (द्रव्य प्रकाशाला किती अडवतं त्याच्या) तक्त्यांसाठीचं मूळ प्रमाण दुसरीकडे. एक बदललं आणि दुसरं विसरलं तर तारा धातूंनी गरीब आणि त्याची अपारदर्शकता श्रीमंत, असा भलताच संकर होतो. तिच्या फायली बरोबर होत्या. वही असल्यामुळे हे अर्ध्या तासात कळलं.

दुसरी तपासणी बारकाईची. ताऱ्याच्या अंतरंगाचे थर अधिक पातळ केले, काळाची पावलं लहान केली. गणितातल्या ढोबळपणामुळे आलेला असेल तर असा पट्टा बारीक चाळणीत विरघळतो किंवा जागा बदलतो. इथे तो तिथेच राहिला. एक-दशांश धातूंच्या गणितातही तो दिसला. निम्म्या धातूंच्या गणितात मात्र आवरण पूर्वीसारखंच झपाट्याने उतरलं.

तिसरी गोष्ट खरं तर तपासणी नव्हती, ती उलगडा होती. तिने जोडीदार काढून टाकला आणि २५ सौर वस्तुमानाचा एकटा तारा चारही धातुप्रमाणांवर चालवला. प्रत्येकाची त्रिज्या काळासोबत कशी वाढते, एवढंच पाहिलं. सूर्याइतके धातू असलेला तारा हायड्रोजन संपताच थेट फुगून महाराक्षसी होतो. गाभ्यात हेलियम नीट पेटेपर्यंत तो कित्येक शेकडो सौर त्रिज्यांवर पोचलेला असतो. कमी धातूंचा तारा वेगळा वागतो. त्याच्यात कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन कमी, म्हणून हायड्रोजनच्या कवचाला तेवढीच ऊर्जा काढायला अधिक तापावं लागतं. बाहेरच्या थरांची अपारदर्शकताही कमी. तो आटोपशीर, निळा राहतो, आणि त्या निळ्या अवस्थेतच हेलियम पेटवून स्थिर होतो. उरलेलं फुगणं मग हेलियम जळण्याच्या संथ गतीने होतं, म्हणजे लाखो वर्षांत.

इथे आलेखाचा अर्थ लागला. श्रीमंत तारा रोश लोबला टेकतो तेव्हा त्याचा तोल आधीच सुटलेला असतो आणि तो पुन्हा सांभाळण्यासाठी त्याला जवळजवळ सगळं आवरण टाकावं लागतं. गरीब तारा थोडंसं देऊनच तोल परत मिळवतो. पुढे तो जसजसा सावकाश फुगतो, तसतसं कडेने वस्तुमान ओघळत राहतं. पट्टा म्हणजे तेच ओघळणं. धातू कमी म्हणजे वारा कमी, एवढंच आम्ही तोवर शिकवत होतो. तारा फुगतो *कधी*, हेही धातू ठरवतात, आणि जोडीच्या दृष्टीने हा बदल वाऱ्याइतकाच मोठा आहे.

चौथ्या तपासणीने मात्र आम्हाला जमिनीवर ठेवलं. ताऱ्याच्या आत काही थर असे असतात की उष्णता त्यांना ढवळू पाहते, पण खालचं द्रव्य वरच्यापेक्षा जड असल्यामुळे ढवळणं अडतं. या अडखळत्या मिश्रणाला अर्धसंवहन म्हणतात. ते किती जोरकस असतं हे पहिल्या तत्त्वांवरून ठरत नाही, प्रोग्रॅममध्ये एक गुणक द्यावा लागतो. तिने तो खूप लहान केला. एक-पंचमांश धातूंचा तारा निळा न राहता थेट लाल महाराक्षसीकडे धावला, आणि देवाणघेवाण पुन्हा झटपट झाली. पट्टा गायब.

त्या संध्याकाळी ती नाराज होती. तिच्या डोळ्यांसमोर निष्कर्ष कोसळला होता. माझ्या मते तो त्या दिवशी पहिल्यांदा निष्कर्ष झाला. आता तो कोणत्या अटीवर उभा आहे ते माहीत होतं. शिवाय ती अट आकाशात तपासता येते. लहान मॅगेलन ढगात निळे आणि लाल महाराक्षसी तारे दोन्ही मोजता येतात, आणि त्यांच्या प्रमाणावरून २०१९ मध्ये झालेल्या अभ्यासाचा कल अर्धसंवहन जोरकस असण्याकडे होता. म्हणजे पट्टा देणारी निवड मनमानी नव्हती.

निष्पत्ती

प्रबंध वेळेत गेला. निष्कर्षाचं वाक्य बरेचदा खोडून शेवटी असं लिहिलं गेलं: अर्धसंवहन जोरकस मानलं, तर या एका जोडीत धातुप्रमाण एक-पंचमांश किंवा त्याखाली गेल्यावर आवरण पूर्ण उतरत नाही आणि वस्तुमान लाखो वर्षं जात राहतं. "सर्व जोड्यांत" हा शब्द तिने आधी घातला होता, तो तिनेच काढला. पट्टा गायब करणारं गणितही परिशिष्टात न ढकलता मुख्य भागात दिलं.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "असा अर्धवट सोललेला तारा कुणी पाहिलाय का?" तिच्याकडे उत्तर होतं. २०२३ मध्ये लहान मॅगेलन ढगात असा तारा सापडल्याचं प्रसिद्ध झालं आहे. आता तो वस्तुमानाने सूर्याच्या सुमारे तिप्पट उरलाय, अंगावर हायड्रोजन अजून शिल्लक आहे, आणि जोडीदार वेगाने गरगरणारा मोठा तारा आहे. त्याच वर्षी दोन्ही मॅगेलन ढगांत मिळून सोललेल्या २५ ताऱ्यांचा गटही जाहीर झाला. हे तारे तिच्या जोडीपेक्षा हलके आहेत हेही तिने न विचारता सांगितलं. परीक्षकांनी त्यानंतर ज्या तऱ्हेने प्रश्न विचारले, त्यावरून ते तिला बरोबरीने वागवू लागले होते हे जाणवलं.

मूळ प्रश्नाचं काय? ३० सौर वस्तुमानाची कृष्णविवरं कशी येतात याचं उत्तर या प्रबंधात नाही, आणि २५ सौर वस्तुमानाच्या ताऱ्यातून ते येणारही नव्हतं. पण त्या उत्तरापर्यंत जाताना लागणारी एक पायरी तिने स्वतः तपासली. आवरण पूर्ण गेलं की अर्धवट, यावर तारा पुन्हा फुगेल का, अतिनवतारा कोणत्या प्रकारचा होईल, जोडी किती जवळ येईल आणि पुढे दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळण्याइतकी जवळ राहतील का, हे सगळं अवलंबून आहे. २०२५ मध्ये लहान मॅगेलन ढगातल्या १३९ ओ-ताऱ्यांच्या सर्वेक्षणातून तिथेही सुमारे ७० टक्के तारे जवळच्या जोडीत असल्याचं दिसलं. कमी धातूंच्या विश्वातही जोडी हाच नियम आहे, तेव्हा ही पायरी बाजूला ठेवून चालणार नाही.

वेगळं काय करता येईल

एकट्या ताऱ्याचा त्रिज्येचा आलेख आधी. त्याला एक दुपार लागते, आणि जोडीत पुढे काय होणार याचा निम्मा अंदाज तिथेच येतो. पुढच्या तुकडीला मी जोडीच्या फायली उघडण्याआधी हाच आलेख काढायला सांगते.

संगणकाची सोय विभागाने करायला हवी. रात्री खिडकीत लॅपटॉप ठेवून हे काम होतं, ते झालं, पण ते मुलीच्या चिकाटीवर झालं. यूपीएस लावलेलं एक साधं यंत्र विभागात रात्रभर चालू राहिलं तर पुष्कळ घरांतून असे प्रकल्प होऊ शकतील. आम्ही त्यासाठी अर्ज केला आहे.

सर्वात मोठी उणीव दुसऱ्या ताऱ्याची. मोठ्या ताऱ्याने दिलेल्या वस्तुमानापैकी निम्मं जोडीदाराने ठेवलं आणि निम्मं बाहेर गेलं, असं सगळीकडे गृहीत धरलं होतं. प्रत्यक्षात आलेलं वस्तुमान ताऱ्याला फिरवतं. स्वतःच्या वस्तुमानाचा छोटासा हिस्सा घेऊनही तो इतका वेगाने गरगरू लागतो की आणखी घेणं अवघड होतं. देवाणघेवाण दहा हजार वर्षांत उरकली तर त्याला उसंत नाही. लाखो वर्षं चालली तर भरती-ओहोटीच्या ओढीने तो मंदावून पुन्हा घेऊ शकेल का? पट्टा खरा असेल तर निम्म्याचं हे गृहीतक कमी धातूंच्या बाजूला टिकेलच असं नाही. तिच्या सगळ्या फायली, फोटो आणि वही विभागाच्या कपाटात आहेत. या सत्रातल्या एका विद्यार्थ्याने त्याच जोडीत जोडीदाराचं फिरणं चालू करून पहिलं गणित लावलं आहे.